मीटरसाहेबांनी घोडी कशी घालवली

आपल्या हातून घरातली एखादी वस्तू बिघडली, तर ती आधी लपवावी की आधी सांगून टाकावं, याबद्दल मीटरसाहेबांचं मत ठाम होतं. आधी सांगावं. हे मत त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी खोलीचं दार लावून घेतलं.

मीटरसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीखात्यात मीटर विभागाचे प्रमुख होते आणि गल्लीने त्यांना त्या नावाने हाक मारायला सुरुवात केल्यावर खऱ्या नावाची गरज फक्त पगारपत्रकापुरती उरली होती. नळाला पाणी कमी आलं की लोक त्यांच्याकडे असे बघत, जणू सकाळी उठून त्यांनीच ते पिऊन टाकलं आहे. असा हा जबाबदारीचा माणूस. त्याच्या हातून असं काही घडेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्यांची एकुलती एक लेक छोटी. नावाने छोटी, पण उंचीने बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकणारी. नोकरीच्या प्रशिक्षणासाठी ती दुसऱ्या शहरात गेली होती आणि जाताना तिने एकच गोष्ट बजावली होती, "बाबा, माझ्या गेमला हात लावू नका." हात लावायचा मीटरसाहेबांचा मुळीच विचार नव्हता. त्यांनी फडकं लावलं.

सुट्टीच्या सकाळी ते घरातली धूळ पुसत होते. टीव्हीशेजारी ठेवलेला तो बटणांचा कंट्रोलर त्यांनी मोठ्या काळजीने, कानाकोपऱ्यातून पुसला. पुसता पुसता टीव्ही लागला. पडद्यावर एक नदी, नदीकाठी एक झोपडी, आणि झोपडीच्या दारात दाढीवाला नावाडी बसलेला. तो मीटरसाहेबांकडे बघून म्हणाला, "या मालक, बसा. एक डाव होऊन जाऊ दे."

आता, हे यंत्र बंद कसं करायचं ते मीटरसाहेबांना माहीत नव्हतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, कार्यालयात त्यांना कोणी 'बसा' म्हटल्याचं बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं. एवढ्या अगत्याने बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी सगळ्यात मोठं बटण दाबलं. नावाड्याने पणाला काय लावणार म्हणून विचारलं. त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं. पत्ते वाटले गेले आहेत हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत ते हरले होते.

पडद्यावर अक्षरं उमटली : 'पांढरी घोडी नावाड्याकडे गेली.' मग कोपऱ्यात एक छोटं चाक फिरलं आणि खाली आलं : 'नोंद झाली.'

ते शेवटचे दोन शब्द मीटरसाहेबांनी दोनदा वाचले. सरकारी माणूस तो. एकदा नोंद झाली की ती फिरवणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणि घोडी साधीसुधी नव्हती. छोटी शाळेत असताना पाय मोडून घरी बसली होती, त्या वर्षी तिने हा खेळ सुरू केला. खेळ तसा भलताच मोठा होता. धुक्यात बुडत चाललेलं एक राज्य, ते वाचवायला निघालेली एक घोडेस्वार मुलगी, राक्षस, किल्ले, सगळं होतं. पण छोटी अडकली ती नदीकाठच्या या पत्त्यांच्या डावात. राज्य राहिलं बाजूला आणि पोरगी पत्ते जमवत बसली. तिच्या वहीत, म्हणजे पडद्यावरच्या वहीत, एक सोडून सगळे पत्ते जमले होते. शेवटचं एक घर रिकामं होतं आणि तो पत्ता कुठे मिळतो हे तिला काही केल्या सापडलं नव्हतं. घोडीचा पत्ता मात्र तिने पायाचं प्लास्टर निघालं त्याच दिवशी जिंकला होता. "बाबा, बाबा, घोडी मिळाली!" असं ती ओरडली होती आणि शेजारी बसलेल्या मीटरसाहेबांनी वर्तमानपत्र खाली न करता म्हटलं होतं, "छान. पाय हलवू नकोस."

ते आठवलं आणि त्यांना उगाचच वाईट वाटलं. वर्षभर आपण त्या पोरीशेजारी बसलो आणि ती काय खेळते हे एकदाही विचारलं नाही. आता विचारायची वेळ आली तर पहिल्या फटक्याला घोडीच घालवून बसलो.

"अहो, दार का लावलंय?" बाहेरून बायको म्हणाली. ती शाळेत ग्रंथपाल होती, त्यामुळे तिचा आवाज कधी चढत नसे. त्याची जरुरीच पडत नसे.

मीटरसाहेबांनी दार उघडून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग फोन करून सांगा तिला."

"सांगणारच आहे. आधी घोडी परत आणतो, मग सांगतो."

"घोडी परत आल्यावर सांगायचं काय उरलं?"

मीटरसाहेब पुन्हा नावाड्यासमोर जाऊन बसले.

या डावाचं नाव 'पैलतीर'. नियम तसे सोपे. तुमची एक होडी, नावाड्याची एक होडी. दोघांच्या हातात दहा दहा पत्ते, प्रत्येक पत्ता म्हणजे एक प्रवासी, आणि प्रत्येक प्रवाशाचा काहीतरी मान. सेनापती दहा, व्यापारी सात, कोळीण तीन, असं. आळीपाळीने एकेक प्रवासी होडीत चढवायचा. दोघं थांबले की ज्याच्या होडीचा मान जास्त, ती खेप त्याची. अशा तीन खेपा. दोन जिंकल्या की डाव जिंकला. मेख एवढीच, की तिन्ही खेपांना मिळून तेच दहा पत्ते. मधे नवीन मिळत नाहीत.

हे वाचून मीटरसाहेबांना हायसं वाटलं. कारण हा तर काटकसरीचा खेळ झाला, आणि काटकसरीत त्यांचा हात कोण धरणार? त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात लग्नात आलेले सोनेरी काठाचे सहा कप होते. कोणी मोठा पाहुणा आला की काढायचे म्हणून ठेवलेले. इतक्या वर्षांत पाहुणे पुष्कळ आले, पण दर वेळी मीटरसाहेबांना वाटे, याच्याहूनही मोठा कोणी आला तर? तेव्हा कप होते तिथेच होते. दर आठवड्याला ते पुसले जात आणि साहेब चहा पीत तो दांडी तुटलेल्या मगमधून.

त्याच धोरणाने त्यांनी डाव मांडला. सेनापती, राजवैद्य, जुळे पहारेकरी, असे सगळे मातब्बर त्यांनी तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिल्या खेपेला किरकोळ माणसं चढवली, हरले. दुसऱ्या खेपेला उरलेली किरकोळ चढवली, हरले. मग मोठ्या समाधानाने मूठ उघडायला गेले, तर नावाडी दाढी खाजवत म्हणाला, "संपला की हो डाव, मालक."

तिसरी खेप येतच नव्हती. हातात सेनापती तसाच, कोरा करकरीत.

आणि घोडी परत हवी तर तिच्या तोलाचा पत्ता पणाला लावायला हवा, असा नावाड्याचा नियम. मीटरसाहेबांनी सेनापती लावला आणि घालवला. मग सेनापती सोडवायला राजवैद्य लावला. तोही गेला. राजवैद्यापाठोपाठ जुळे पहारेकरी गेले, तेही जोडीने. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणजे काय हे त्यांना पुस्तकात वाचून माहीत होतं. आता ते रोज कार्यालयात जाण्याआधी आणि आल्यानंतर नियमाने पडू लागले.

छोटी रोज संध्याकाळी फोन करी. "काय बाबा, काय चाललंय?"

"काही नाही. नदीकाठी... म्हणजे, पाण्याचंच काम." आणि मग घाईघाईने, "आईशी बोल."

गोष्ट घरात राहिली असती तर बरं झालं असतं. पण गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं, आणि दुकानाचे मालक, औषधवाले, हे मीटरसाहेबांचे मित्र. डोकेदुखीची गोळी मागायला गेलेल्या मीटरसाहेबांच्या पोटातून त्यांनी घोडीची हकिगत गोळी बांधून होईपर्यंत काढून घेतली. औषधवाले पत्त्यांतले दर्दी होते. निदान ते स्वतः तसं सांगत.

"तुम्ही पत्ते बघता, तिथेच चुकता," ते म्हणाले. "माणूस बघायचा. चेहरा सगळं सांगतो."

"अहो, तो चित्रातला नावाडी आहे."

"काढणाऱ्याने चेहरा काढलाच आहे ना? मग झालं तर."

दुकान पोऱ्यावर सोडता येत नाही म्हणून बायकोवर सोडून औषधवाले त्याच दिवशी हजर झाले. खुर्ची ओढून पडद्यापासून हातभर अंतरावर बसले आणि नावाड्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघू लागले. थोड्या वेळाने त्यांनी निदान केलं. नावाडी दाढी खाजवतो तेव्हा त्याच्या हातात काही नसतं. त्या क्षणी दामटून खेळायचं. मीटरसाहेबांनी पुढच्या वेळी दाढी खाजवल्याबरोबर राजपुत्र चढवला. राजपुत्र गेला. मग औषधवाल्यांनी निदान फिरवलं. दाढी खाजवतो तेव्हा त्याच्याकडे भारी पत्ता असतो, तेव्हा गप्प बसायचं. त्या निदानात सोनाराची विधवा गेली. शेवटी मीटरसाहेबांच्या बायकोने चहा देता देता सांगितलं, की मी मघापासून बघतेय, तो माणूस ठरावीक वेळाने दाढी खाजवतोच, कोणी खेळो वा न खेळो.

"उवा असतील," औषधवाले गंभीरपणे म्हणाले. "त्यावर औषध आहे माझ्याकडे."

औषधवाल्यांना कळलं म्हणजे वरच्या मजल्यावर कळलं. तिथे एक निवृत्त न्यायाधीश राहत. सगळे त्यांना माय लॉर्ड म्हणत आणि त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती. ते स्वतः होऊन खाली आले, सगळं प्रकरण पहिल्यापासून ऐकलं, मधे औषधवाल्यांना दोनदा गप्प केलं आणि निकाल दिला, "तुम्ही फार लवकर खेळता. वेळ काढा. तारखा घ्या. समोरचा पक्ष कंटाळून चुका करतो. माझा सगळा अनुभव हाच आहे."

पडत्या फळाची आज्ञा मानून मीटरसाहेबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. अख्खी दुपार तिघं पुरुष कोचावर एका ओळीत बसून राहिले. कोणी बटण दाबायचं नाही. पडद्यावर नावाडी तेच गाणं गुणगुणत होता, नदी वाहत होती, मधूनच एक दूत धापा टाकत येई आणि राणीसाहेबांनी तातडीने बोलावलंय, राज्य बुडतंय असं सांगे. "मीटिंगमध्ये आहेत म्हणावं," मीटरसाहेब पुटपुटत. राज्य बुडतं आहे ही काही त्यांच्या दृष्टीने बातमी नव्हती. हळूहळू माय लॉर्डांचा डोळा लागला, मग औषधवाल्यांचा, आणि मग पडद्याचाही. टीव्ही आपोआप बंद झाला. पुन्हा लावला तर डाव अर्धवट सोडल्याबद्दल नावाड्याने आणखी एक पत्ता कापून घेतला होता.

"अपील करा," माय लॉर्ड जागे होऊन म्हणाले.

अपील म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीचं मदतकेंद्र. तिथे लिहून बोलता येत असे. मीटरसाहेबांनी विषयवार, मुद्देसूद अर्ज केला. घडलेला प्रकार अनवधानाने घडला असून, सदर घोडी मूळ मालकाच्या ताब्यात परत द्यावी. पलीकडून कोणी मदतनीस बाई उत्तर देत होत्या, फार गोड भाषेत.

'खातेदार तुम्हीच का?'

'नाही. मी खातेदाराचा वडील.'

 उत्तर आलं, 'क्षमा असावी. आमच्या नोंदीप्रमाणे खातेदाराचं वय पाहता तुम्ही त्यांचे वडील असणं शक्य दिसत नाही.'

झालं होतं असं, की छोटीने खातं उघडलं तेव्हा तिचं वय कमी पडत होतं. म्हणून तिने जन्मसाल म्हणून यादीतलं सगळ्यात खालचं साल टाकलं होतं. त्या हिशेबाने मीटरसाहेबांची लेक त्यांच्या आजीच्या वयाची होती.

'ती चूक आहे,' मीटरसाहेबांनी लिहिलं.

'दुरुस्तीसाठी खातेदाराने स्वतः, मूळ पुराव्यासह यावं.'

'खातेदाराला कळू नये म्हणून तर मी आलो आहे!'

'तुमची अडचण आम्ही समजू शकतो,' बाईंनी लिहिलं आणि संभाषण मिटवून टाकलं.

 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो' हे वाक्य मीटरसाहेबांचं स्वतःचं होतं. खिडकीपलीकडच्या माणसाला मूळ प्रत आणायला परत पाठवताना ते नेमकं हेच म्हणत, आणि म्हटल्यावर त्या माणसाला बरं वाटत असेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ झेरॉक्स घेऊन आले, तर मीटरसाहेबांनी ती मुकाट्याने घेतली आणि सही केली. हाताखालच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांची तब्येत बरी नसावी, असं सगळ्यांचं मत पडलं.

छोटी रविवारी येणार होती. आदल्या दिवशी सकाळी मीटरसाहेबांकडे एकही धड पत्ता उरला नव्हता. वही उघडून बघायची त्यांना आता भीती वाटे, म्हणून ती ते उघडतच नसत. हातात राहिला होता नुसता गाळ. एक रडकं पोर, मान एक. एक खोकणारा म्हातारा, मान एक. अडून बसलेलं गाढव, मान दोन. उरलेले सगळे त्याच मासल्याचे. एवढ्यावरही ते खेळले आणि हरले. तेव्हा नावाडी आजवर जे बोलला नव्हता ते बोलला. उठून उभा राहत म्हणाला, "मालक, इतकं हरून तुम्ही उठून गेला नाहीत. तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसत नाही. हा घ्या, ठेवा."

आणि त्याने एक पत्ता दिला. ओला प्रवासी. चित्रात एक माणूस नखशिखान्त भिजून काठावर बसला आहे, एक बूट पायात, एक हातात. मान शून्य.

मीटरसाहेबांचे कान लाल झाले. हरणं त्यांनी सोसलं होतं, पण एका चित्रातल्या नावाड्याने आपली कीव करावी? आणि त्या भिजलेल्या माणसाचं टक्कलही अगदी त्यांच्यासारखं होतं. त्यांनी कंट्रोलर ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि त्या तुटक्या मगात पाणी घेऊन प्यायले.

"सांगून टाकतो उद्या," ते म्हणाले. "काय बोलेल ते बोलेल. पाय मोडला होता तेव्हा मी तिच्याशी खेळलो नाही, आणि आता खेळलो तर हे असं."

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. नवरा घोडीबद्दल बोलत नाहीये हे तिला कळलं. "सांगा उद्या," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आता तुमच्याकडे राखून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही ना? मग एकदा मोकळेपणाने खेळून तरी बघा. कपाटात ठेवायला काही नसलं की माणूस बरा वागतो." असं म्हणून तिने ओट्यावरचा नळ घट्ट पिळला. नळ तरीही ठिबकतच राहिला. पाणीखात्यातल्या साहेबाच्या घरचा नळ, तो ठिबकायचाच.

मीटरसाहेब त्या नळाकडे बघत उभे राहिले. थेंबे थेंबे तळे साचे असं लोक म्हणतात. मीटर विभाग याच्या नेमकं उलट सांगतो. थेंबाथेंबाने अख्खी टाकी रिकामी होते आणि टाकीला ते कळतही नाही. फुटलेल्या मोठ्या नळाने कधी शहर बुडत नाही, कारण तो सगळ्यांना दिसतो. घात करते ती गळती. यावर त्यांनी नव्या माणसांना किती व्याख्यानं दिली होती.

ते परत जाऊन बसले आणि पहिल्यांदाच त्या गाळातल्या पत्त्यांवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. वाचली म्हणजे काय, सूचनापत्रक वाचावं तशी वाचली. रडकं पोर : हे होडीत बसलं की समोरच्या होडीतला सगळ्यात मोठा प्रवासी वैतागून उतरतो. खोकणारा म्हातारा : याच्यामुळे समोरच्या सगळ्यांचा मान एकेकाने घटतो. गाढव : चढवल्यावर समोरच्याला एक पाळी खेळता येत नाही. आणि ओला प्रवासी : हा बुडत नाही, प्रत्येक खेपेनंतर हातात परत येतो.

परत येतो? मीटरसाहेबांनी पुन्हा वाचलं. म्हणजे काही न गमावता एक पाळी ढकलता येते, आणि पुढचा पत्ता टाकायची पाळी समोरच्यावर येते. दर खेपेला. हीच तर तारीख! माय लॉर्ड बरोबर बोलत होते, फक्त त्यांनी तारीख कशी घ्यायची ते सांगितलं नव्हतं.

पणाला लावायला त्यांनी सगळा गाळच एकदम लावला. "घोडीच्या बदल्यात?" नावाडी म्हणाला आणि त्याने दाढी खाजवली. "बरं, चालेल."

पहिल्या खेपेला मीटरसाहेबांनी ओला प्रवासी बसवला. नावाड्याने सेनापती चढवला, त्यांचाच. त्यांनी कोळीण बसवली. नावाड्याने राजवैद्य काढला. मीटरसाहेबांनी आणखी एक फुटकळ माणूस बसवला, नावाड्याने जुळे पहारेकरी चढवले. मग साहेबांनी हात वर केले. खेप नावाड्याची. पण त्या एका खेपेत त्याने घोडी सोडून आपले सगळे मातब्बर नदीपार करून टाकले होते, आणि ते काही परत येत नव्हते. ओला प्रवासी मात्र ठिबकत ठिबकत मीटरसाहेबांच्या हातात परत आला.

दुसऱ्या खेपेला नावाड्याने घोडी चढवली. मीटरसाहेबांनी रडकं पोर बसवलं. घोडी कान पाडून उतरून गेली. आयुष्यात एवढं गोड रडणं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग खोकणारा म्हातारा, मग आणखी एक किरकोळ माणूस, आणि ती खेप एका मानाने त्यांची झाली.

आणि तिसरी खेप आली. खरोखरच आली. मीटरसाहेबांनी ती आजवर पाहिलीच नव्हती. होडी तीच, पण नदीवर ऊन पडलेलं असतं, हे त्यांना तेव्हा कळलं. नावाड्याकडे दोन फाटके हमाल उरले होते. मीटरसाहेबांनी गाढव चढवून नावाड्याची पाळी अडवली, ओला प्रवासी बसवला, आणि हातात होतं नव्हतं ते सगळं होडीत घातलं. काहीही मागे ठेवलं नाही.

'पांढरी घोडी परत आली.' चाक फिरलं. 'नोंद झाली.'

ते ओरडले नाहीत. ती त्यांची पद्धत नव्हती. ते फक्त खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला त्यांनी हात केला. त्या माणसानेही केला. मग संध्याकाळपर्यंत ते खेळत राहिले आणि गेलेले सगळे एकामागून एक परत आणले. औषधवाले मधे डोकावले आणि दाढीचं आपण आधीच सांगितलं होतं असं म्हणून गेले. माय लॉर्डांनी निकाल कायम केला.

रविवारी छोटी आली. बॅग दारात टाकून कोचावर बसते न बसते तोच आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी तुझी घोडी घालवली होती."

"अगं," मीटरसाहेब म्हणाले, "मी सांगणारच होतो. त्याचं असं आहे, धूळ..."

"काय?" छोटीने कंट्रोलर उचलला आणि वही उघडली. पानं उलटू लागली. घोडी होती. सेनापती होता. पहारेकरी जोडीने होते. ती शेवटच्या पानावर गेली आणि तिचा हात थांबला.

 काहीतरी राहिलं असणार, असं मीटरसाहेबांना वाटलं. सोनाराची विधवा? ती तर आणली होती.

"बाबा," छोटी अगदी हळू म्हणाली, "हा ओला प्रवासी तुम्हाला कुठे मिळाला?"

"तो? तो काही नाही गं. शून्य मानाचा. नावाड्याने कीव करून दिला."

"हाच नव्हता माझ्याकडे. इतकी वर्षं मी हाच शोधतेय." ती त्यांच्याकडे वळली. "तो जिंकून मिळतच नाही का? हरल्यावर देतो?"

"पुष्कळ हरल्यावर," मीटरसाहेब जरा अवघडून म्हणाले. "हरून उठून गेलं नाही तर."

"म्हणून. मी दोनदा हरले की चिडून बंदच करायचे." ती हसायला लागली. मग सरकून तिने कोचावर त्यांना जागा केली. "बसा इथे. कसं खेळलात ते दाखवा मला. पहिल्यापासून."

मीटरसाहेब बसले. कोणीतरी त्यांना आणखी एकदा 'बसा' म्हटलं होतं, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढचा पडदा जरा धूसर झाला. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि खात्यातल्या आवाजात सुरुवात केली, "हे बघ, गळती ही गोष्ट आधी समजून घ्यायला हवी."

बायको चहा घेऊन आली. सोनेरी काठाच्या कपांतून. मीटरसाहेबांनी कपांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि एक कप उचलला. मग घोडी कशी उतरली हे दाखवण्यासाठी त्यांनी हात जोरात फिरवला. कप फरशीवर पडला आणि त्याचे चार तुकडे झाले.

 मायलेकी दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"असू दे," मीटरसाहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा कप उचलला. "वापरातली वस्तू आहे, फुटायचीच. हां, तर मग मी रडकं पोर बसवलं."